दिवसपाळीचा कान

कामावर निघण्याआधी आत्या रोज स्वयंपाकघरातल्या नळाला काठी टेकवायची. काठी म्हणजे कमरेइतकी उंच, बोटाएवढी जाड पोलादी सळई, एका टोकाला गोटीएवढं गुळगुळीत बोंड. नळ अगदी जरासा सोडायचा, सळईचं टोक भिंतीतून येणाऱ्या पाइपावर, बोंड डाव्या कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. दहाबारा श्वास ती तशीच उभी राहायची. मग मान हलवायची, काठी दाराशी ठेवायची आणि चहा गाळायला घ्यायची.

"झाली का गं नळाची तब्येत बघून?" तिच्या सासूबाई पलंगावरून विचारायच्या. "त्याचं झालं असेल तर माझ्या गुडघ्यांनाही लाव ती काठी. काय कुरकुरतायत ते तरी कळेल."

"नळाची नाही, माझी तब्येत बघते मी."

"मग? आहे का अजून?"

"आहे, आहे. चहाही आहे, दोन कप."

माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करायची. जमिनीखाली पाइप फुटला की तिथून पाणी दाबानं बाहेर पडतं, आणि एक बारीक, न थांबणारी सूं पाइपाच्या अंगाअंगातून दूरवर पसरते. रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडून, पाइपाला काठी लावून ती सूं ऐकायची, कुठे ती सर्वांत मोठी आहे ते ठरवायचं आणि तिथे खडूनं फुली मारायची. पुढचं काम खणणाऱ्यांचं.

हे काम रात्री करतात. दिवसा रस्त्यावर गाड्या, भोंगे, दुकानांची शटर्स. त्यात ती सूं कुठली सापडायला. खात्यातले बाकी सगळे ऐकणारे रात्रपाळीचे होते. आत्या एकटी दिवसपाळीला, आणि ते तिच्या डाव्या कानामुळे. तो कान लहानपणापासून वाहायचा, पडद्याला भोक पडलेलं, आतली नाजूक हाडं झिजलेली. बाहेरचा आवाज त्या कानात शिरायचाच नाही. पण कवटीच्या हाडातून आलेला आवाज तो कान इतका स्वच्छ ऐकायचा की चांगल्या कानानं लाजावं. उजव्या कानात मेणाचा बोळा कोंबला की तिच्यासाठी सगळा रस्ता बंद व्हायचा आणि फक्त पाइप बोलायचा.

खात्यात तिला सगळे काठीताई म्हणायचे. तिच्या जोडीला रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडबंद करणारा चावीवाला असायचा, डोक्यावर कायम निळी टोपी, खांद्यावर माणसाएवढी लांब लोखंडी चावी. नव्या माणसाला तो ओळख करून द्यायचा, "ह्या आमच्या काठीताई. ह्यांचा बिघडलेला कान खात्याच्या चार धड कानांना भारी आहे. फक्त डावीकडून हाक मारू नका, उगाच वाटेल बाई गर्विष्ठ आहेत."

दिवसपाळी तिला फार हवी होती. आतोबा गेल्यापासून घरात त्या दोघीच. सासूबाईंचा तोल जायचा, तोही रात्री अंधारात उठल्यावरच. एकदा मनगट मोडलं, एकदा कपाळाला टाके पडले. दिवसा शेजारीण येऊन बसायची. रात्री आत्याखेरीज कोणी नव्हतं. रात्रपाळी लागली असती तर एक तर नोकरी सोडावी लागली असती, नाही तर सासूबाईंना कुठल्यातरी संस्थेत ठेवावं लागलं असतं. हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून दोघी त्यावर बोलत नसत.

मग एका सकाळी बाजाराच्या रस्त्यावर काठीचं बोंड हाडाला टेकवताच आख्खा रस्ता डावीकडे कलंडला. चावीवाल्यानं दंड धरला म्हणून ती झाकणाच्या खड्ड्यात गेली नाही.

"ताई, खाल्लंय ना सकाळी काही?"

"खाल्लंय रे. सोड."

"सोडतो, पण आधी उभ्या राहा."

पुढच्या चार दिवसांत असं तीनदा झालं, आणि कानातून येणाऱ्या पाण्याला घाण वास येऊ लागला. पाचव्या दिवशी चावीवाल्यानं तिला जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. कानात नळी घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक दोन पायांचा चिमटा टेबलावर आपटून गुणगुणायला लावला आणि त्याचं बूड आत्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवलं.

"आवाज कुठल्या कानात येतोय?"

"डाव्या."

"नक्की?"

"त्यावरच तर पोट आहे माझं," आत्या म्हणाली, आणि काठीचं सगळं सांगितलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल आलं. त्या म्हणाल्या, "एका कानात बोट घाला आणि गुणगुणा. ज्या कानात बोट आहे, तिकडेच आवाज मोठा वाटेल. तुमच्या कानात ते बोट जन्मभर घातलेलं आहे, एवढंच. बाहेरचा रस्ता बंद आहे, आतला कान जिवंत आहे. तुम्ही ह्याचा असा उपयोग करत असाल असं मात्र मला कधी सुचलं नसतं."

मग त्यांनी चित्र काढून दाखवलं. पडद्याच्या भोकातून कातडी आत शिरली होती आणि कानाच्या पोकळीत तिची पिशवी तयार झाली होती. ती पिशवी वाढत होती आणि शेजारचं हाड खात होती. कानातलं हाड तिनं संपवलं होतं. आता तोल सांभाळणाऱ्या नळीपर्यंत पोचली होती, म्हणून चक्कर. त्याच्या पलीकडे चेहऱ्याची नस, आणि वर पातळ हाडाच्या पडद्याआड मेंदू.

"गोळ्यांनी जाईल?"

"नाही. कानामागचं हाड कोरून आत जावं लागेल आणि सगळी पिशवी काढावी लागेल."

आत्याचा हात आपोआप कानामागे गेला. "हे हाड?"

"हेच."

"मग मी काठी कुठे लावू?"

"काठी कवटीवर कुठेही लावता येईल. प्रश्न तो नाही. ह्या ऑपरेशनचं पहिलं काम रोग काढणं. दुसरं, कान कोरडा करणं. ऐकू येणं त्यानंतर. ऐकणं आहे तेवढंच राहील, थोडं कमी होईल, पुढे दुसरं ऑपरेशन करून छोटा कृत्रिम भाग बसवला तर सुधारेलही. पण शंभरातल्या काही जणांचा आतला कानच जातो. मग हाडातूनही काही ऐकू येत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर कान असाही जाईल. कदाचित तुम्हीही."

घरी येऊन तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई तिच्या उजव्या बाजूला सरकून बसल्या. "म्हणजे रोग काढताना नोकरी जायची भीती, असंच ना?"

"असंच."

"मग जाऊ दे नोकरी. मी काय, जाईन कुठे तरी. चार म्हाताऱ्यांत बसून तुझ्या तक्रारी तरी सांगता येतील. इथे ऐकायला कोण आहे? तू तर डावा कान माझ्याकडे करून बसतेस."

आत्या हसली नाही. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी कानाभोवती सुया देऊन भाग बधिर केला, गुंगीचं औषध दिलं. आत्या पूर्ण झोपली नाही. हिरव्या कापडाखाली तिला दुखत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. हाड कोरणारं यंत्र सुरू झालं तेव्हा तिला वाटलं, कोणी तरी तिच्या डोक्यातच रस्ता खणतंय. बाहेरून आवाज येतच नव्हता. ज्या हाडातून तिनं सगळ्या शहराचे पाइप ऐकले होते, त्याच हाडाचा आवाज त्याच कानात घुसत होता. यंत्र खोल जाई तसा तो पातळ होत गेला. घट्ट हाड, पोकळ हाड, पुन्हा घट्ट. सवयीनं ती मोजत राहिली.

मध्येच डॉक्टर म्हणाल्या, "आता चक्कर येईल. अजिबात हलू नका."

छत गोल फिरलं. आत्यानं पलंगाची कड धरली आणि डोकं जिथे होतं तिथेच ठेवलं. कोणी बोलत नव्हतं. नळीतून पाणी ओढल्याचा आवाज, एका भांड्यात काही तरी ठेवल्याचा आवाज, मग पुन्हा शांतता. तिला वाटलं, आवाजच संपले. की कान संपला?

"आलं सगळं," डॉक्टर हळूच कोणाला तरी म्हणाल्या. हे तिला उजव्या कानानं ऐकू आलं. डाव्याचं काहीच सांगता येत नव्हतं.

बाहेर आणल्यावर परिचारिकेनं तिला डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले. चेहऱ्याची नस शाबूत होती. सासूबाई शेजारणीचा हात धरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं सांगतेय, जरा हसत जा. इथल्या बाईचं लगेच ऐकलंस."

कानात औषधाची पट्टी ठासून भरलेली होती आणि ती काही आठवडे काढायची नव्हती. तोवर काही ठरवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या आठवड्यांत घरात काठीचं नाव कोणी काढलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात आत्याच्या डाव्या कानात एक सूं सुरू झाली. बारीक, न थांबणारी. ती उठून स्वयंपाकघरातला नळ बघून आली. मग न्हाणीघरातला. मग शेजारणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नळ सगळे बंद होते.

"काय शोधतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तो चिमटा हातात घेतला. आत्याला आता माहीत होतं, ह्या एका प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. आवाज डावीकडे आला तर आतला कान जिवंत आहे. उजवीकडे गेला तर संपलं. चावीवाला दाराशी टोपी हातात चुरगाळत उभा होता. चिमटा वाजला. थंड बूड कपाळावर टेकलं.

आत्यानं डोळे मिटले.

"कुठे येतोय आवाज?"

"थांबा." सूंच्या गर्दीतून ती वाट काढत होती. मग तिच्या खांद्यांतला ताण गेला. "डावीकडे."

चावीवाल्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

पण नंतर बंद खोलीतल्या यंत्रावर तपासणी झाली आणि कागदावरची रेघ बारीक आवाजांकडे जाता जाता खाली घसरली. डॉक्टर म्हणाल्या, आतला कान वाचला आहे, मात्र अगदी बारीक, टोकदार आवाज ऐकायची त्याची ताकद थोडी गेली आहे. रोगामुळे किंवा यंत्राच्या आवाजामुळे असं कधी कधी होतं. ती सूं बाहेरची नव्हती, कानाची होती. ती कमी होईल किंवा राहील. मोठ्या, भरीव आवाजांना काही झालेलं नव्हतं.

"काम करता येईल?"

"ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे तुमचे पाइप नाहीत."

कामावर परतल्यावर तिसऱ्याच दिवशी आत्याच्या हातून एक चूक झाली. कानामागे आता खळगा होता, तिथे बोंड टेकेना. तिनं ते कपाळाला लावलं. एका अरुंद रस्त्यावर चार झाकणं ऐकली, चारही ठिकाणी सूं होती. एका जागी ती अंमळ मोठी वाटली. तिथे तिनं फुली मारली. खणणाऱ्या चौघांनी भर उन्हात दोन तास कुदळी मारल्या. पाइप उघडा पडला. कोरडा, धड, भोवतालची माती भुसभुशीत. त्यांतला एक जण खड्ड्यातून वर बघून म्हणाला, "ताई, इथे तर आमच्याच घामानं ओल आली."

सगळे हसले. आत्याही हसायला गेली. मग काय झालं ते तिला एकदम उमगलं. काठी तिच्या हातात होती, कशालाही टेकलेली नव्हती, आणि गळती चालूच होती.

गळती शोधणाऱ्याच्या कानातच गळती असेल तर त्याला सगळं शहर फुटलेलं वाटणार. त्या दिवसापासून ती वेगळ्या तऱ्हेनं ऐकायला लागली. आधी काठी हवेत धरायची, स्वतःची सूं नीट ओळखून घ्यायची, मग काठी टेकवायची आणि त्यावर काय वाढतं तेवढंच ऐकायचं. मोठ्या पाइपांवर हे जमू लागलं. घराघरांत जाणाऱ्या बारीक पाइपांवर कधी जमायचं, कधी नाही.

कोरड्या खड्ड्याची गोष्ट इंजिनिअर साहेबांपर्यंत गेली होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बोलावून खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "बाई, गुरुवारी तुमची चाचणी घेतो. जमलं तर दिवसपाळी चालू. नाही जमलं तर रात्रीच्या टोळीत जा, तिथे शांतता असते, तुम्हाला सोपं जाईल."

"रात्री मला येता येणार नाही, साहेब."

"मग गुरुवारी जमायलाच हवं."

चाचणी एका शांतशा गल्लीत ठरली. गल्लीच्या टोकाला मुद्दाम एक नळ गळता ठेवायचा. चावीवाल्याच्या हातात साहेबांनी लिहिलेला कागद असणार. शिट्टी वाजली की त्याप्रमाणे त्यानं व्हॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा, कधी पुरता, कधी केसभर. आत्यानं शंभर पावलांवर पाइपाला काठी लावून सांगायचं, पाणी चालू की बंद.

आदल्या दिवशी डबा खाताना चावीवाला म्हणाला, "ताई, उद्या मी तुम्हाला समोर दिसेन."

"मग?"

"मग काही नाही. पाणी चालू असलं की टोपी काढीन. उन्हानं डोकं तापतं माणसाचं, काढतो टोपी."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "आणि परवापासून? परवापासून कोण टोपी काढेल? पाइप?"

"परवाचं परवा. म्हातारीचं काय करणार आहात ते सांगा आधी."

आत्यानं डबा बंद केला. घरी गेल्यावर तिनं सासूबाईंना चाचणीचं तेवढं सांगितलं. सकाळी ती निघताना सासूबाई म्हणाल्या, "उजव्या कानातला बोळा विसरू नकोस." आणि मग, ती जोडे घालत असताना, "काय व्हायचं ते होऊ दे गं. मला काय, पलंग कुठलाही चालतो."

गल्लीत पोचल्यावर आत्यानं बोळा घातला. शंभर पावलांवर निळी टोपी दिसत होती. साहेब घड्याळ बघत तिच्या शेजारी उभे राहिले. तिनं काठी आधी हवेत धरली. मग ती वळली आणि गल्लीच्या टोकाकडे पाठ करून उभी राहिली.

"अशा का उभ्या राहिलात?"

बोळ्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही. तिनं बोंड कपाळाला लावलं आणि हात वर करून तयार असल्याचं सांगितलं. साहेबांनी शिट्टी वाजवून तिच्या खांद्याला बोट लावलं.

"चालू," आत्या म्हणाली.

दुसरी वेळ. "बंद."

"चालू. पण आधीपेक्षा कमी."

साहेब लिहीत होते. चौथ्या वेळेला ती बराच वेळ थांबली. एक मोटारसायकल मागून निघून गेली. पायाखालची जमीन थरथरली आणि निवली. तिच्या कानात तिची स्वतःची सूं भरून राहिली होती, आणि तिच्याखाली काही आहे की नाही हे तिला चाचपडूनही कळेना. गळ्याशी घाम आला. वळून बघितलं असतं तर एका नजरेचं काम होतं. तिनं काठी उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी हातानं खूण केली, अंदाजानं सांगा.

तिनं मान हलवली. "अंदाजानं गेल्या आठवड्यात चौघांनी दोन तास खणलं. लिहा, कळत नाही."

पाचवी वेळ बरोबर आली. सहावी, केसभर उघडलेल्या व्हॉल्व्हची, पुन्हा कळली नाही. सातव्या वेळी ती लगेच म्हणाली, "बंद. पुरता बंद." तिच्या आवाजात पूर्वीची खात्री होती.

साहेबांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. तिनं बोळा काढेपर्यंत ते थांबले.

"मोठं पाणी तुम्हाला एकदाही चुकलं नाही," ते म्हणाले. "बारीक धार एकदाही सापडली नाही. आणि जे सापडलं नाही ते तुम्ही स्वतःच सांगितलंत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मोठ्या वाहिन्या दिवसा तुमच्याकडे ठेवतो. घरांकडच्या बारीक पाइपांवर यापुढे तुम्ही फुली मारायची नाही, ते काम रात्रीच्या टोळीचं. तेवढं काम दिवसभर पुरणार नाही, उरलेल्या वेळात नकाशे लावायचे. चालेल?"

बारीक पाइप हे तिचं खरं काम होतं. एका घराचा, एका भिंतीमागचा, सुईएवढ्या भोकाचा आवाज. खात्यात दुसऱ्या कोणाला दिवसा तो सापडत नव्हता. आता तिलाही सापडणार नव्हता. पण संध्याकाळी सहाला ती घरी असणार होती.

"चालेल," आत्या म्हणाली. तिचा हात कानामागच्या खळग्यावर क्षणभर थांबला आणि खाली आला.

मग ती वळली. गल्लीच्या टोकाला चावीवाला भर उन्हात उघड्या डोक्यानं उभा होता, पहिल्यांदा पाणी सोडताना काढलेली टोपी अजून हातातच, चावी बंद व्हॉल्व्हमध्ये. कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं दुरूनच हातानं विचारलं, काय झालं?

आत्यानं तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, "चावी उघड आधी पुरती! वरच्या मजल्यावर कोणी तरी डोक्याला साबण लावून बसलं असेल!"